पोरगं बरं झालं, पण त्याला कसं वाटतं ते विचारलं का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लहान मुलांच्या कॅन्सरवर लेख आला होता. त्यात ट्रीटमेंट संपल्यानंतरच्या आयुष्याबद्दल जेमतेम चार ओळी होत्या आणि पत्रं मात्र जवळजवळ सगळी त्या चार ओळींवरच आली, नागपूरची तर आलीच पण गोंदिया, वणी, अगदी छिंदवाड्याहूनही आली. मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करते. औषध लिहून देणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण बऱ्या झालेल्या मुलांच्या घरात पुढे काय काय चालतं ते रोज कानावर येतं, आणि त्यावर जगभर जे संशोधन झालंय ते वाचत असते, त्या दोन्हीच्या भरवशावर लिहिते आहे. पत्रं थोडी छाटली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. साडेपाचचा असताना त्याला ब्लड कॅन्सर झाला, एएलएल म्हणतात तो. अडीच वर्षं ट्रीटमेंट चालली, मागच्या वर्षी गोळ्या बंद झाल्या, आता फक्त चेकअपला बोलावतात. मागच्या वेळी ओपीडीत एका मॅडमने त्याच्या हातात एक फॉर्म दिला अन् तसाच एक मला दिला. धावायला त्रास होतो का, झोप लागते का, दुसरी मुलं चिडवतात का, अंग दुखतं का, असे प्रश्न. म्हणे रिसर्च चालू आहे. मला तर धडकीच भरली, आता काय आमच्या पोट्ट्यावर नवीन औषध ट्राय करून राहिले का? अन् दुसरं म्हणजे मी लिहिलं होतं त्याला शाळेत भीती वाटते, त्याने लिहिलं कधीच नाही. मी लिहिलं अंग दुखत नाही, त्याने लिहिलं बरेचदा. नऊ वर्षांच्या पोराला काय कळते, त्याचा फॉर्म कशाला धरता?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, आधी भीतीचं बोलू. फॉर्म भरायच्या अभ्यासात औषध नसतं, सुई नसते. तरी विचारायचा तुमचा हक्क पूर्ण आहे, आणि विचाराच. कोणत्याही अभ्यासात घेण्याआधी तुम्हाला समजेल अशा भाषेत माहितीचा कागद द्यावा लागतो, तुमची सही लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे मूल ७ वर्षांच्या पुढचं असेल तर त्याचीही संमती घ्यावी लागते, ७ ते ११ ला तोंडी आणि १२ नंतर लेखी. म्हणजे तुमच्या मुलाला त्या मॅडमनी "तुला भरायचा आहे का" असं विचारायला हवं होतं. नाही म्हटलं म्हणून ट्रीटमेंटमध्ये किंवा चेकअपमध्ये काहीही फरक पडत नाही.

तुम्ही सांगितलेल्या प्रश्नांवरून तो पेड्सक्यूएल नावाचा फॉर्म असावा. जेम्स वार्नी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो तयार केला, जगभर वापरतात. २३ प्रश्न असतात, चार भागांत: शरीर, मन, मित्रमंडळी आणि शाळा. गेल्या महिन्याभरात हे किती वेळा झालं ते "कधीच नाही" पासून "जवळजवळ नेहमी" पर्यंत सांगायचं, मग त्याचे ० ते १०० असे गुण काढतात. आणि हा फॉर्म ५ वर्षांच्या मुलालाही स्वतः उत्तर देऊ देतो, फक्त त्या वयात प्रश्न वाचून दाखवतात आणि हसरा, मधला, रडका असे चेहरे समोर ठेवतात, मूल बोट ठेवतं. तेव्हा ९ वर्षांच्याला काय कळतं म्हणाल तर त्याला स्वतःबद्दल भरपूर कळतं.

दोन फॉर्म का, तर तुमच्या घरात जे झालं तेच सगळीकडे होतं म्हणून. या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की धावणं, जिना चढणं अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर आईबाप आणि मुलांची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात, मनातल्या गोष्टींवर कमी जुळतात, आणि आजारी मुलांचे आईबाप बरेचदा मुलापेक्षा वाईट चित्र रंगवतात. हे प्रेमापोटीच होतं. ल्युकेमियातून, म्हणजे ब्लड कॅन्सरमधून, बरी झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यावर अमेरिकेत १९९० च्या दशकात मोठा अभ्यास झाला, त्यात मुलांच्या मनावरचा आघात इतर मुलांपेक्षा फार वेगळा निघाला नाही पण आईवडिलांचा निघाला. वर्षं उलटली तरी त्यांना तेच दिवस आठवतात, फोन वाजला की छाती धडधडते. शाळेची भीती कदाचित तुमची असेल ताई, आणि तीही खरी आहे, तिच्यासाठी तुम्ही स्वतः समुपदेशकाला भेटा, मुलाच्या नावाने नाही, तुमच्या नावाने.

पण त्याने अंग दुखतं असं लिहिलंय ना, ते मात्र आजच मनावर घ्या. दुखणं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, हे मुलांना चांगलं माहीत असतं, आई रडेल म्हणून पोरं सांगतच नाहीत आणि कागदावर मात्र खरं लिहून मोकळी होतात. या आजारात स्टेरॉइड बरेच दिवस देतात, त्याने हाडं कमजोर होऊ शकतात, काही मुलांमध्ये मांडीच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. व्हिन्क्रिस्टिन नावाच्या केमोच्या औषधाने पायाच्या नसांवर परिणाम होतो. कुठे दुखतं, चढताना दुखतं की रात्री दुखतं, चालताना लंगडतो का हे त्याला विचारा, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि पुढच्या चेकअपची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण तपासल्याशिवाय कसं कळणार.

आता हे फॉर्म भरून कोणाचं भलं होतं तेही सांगते. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बरांनी पहिल्यांदा दाखवलं की अमिनोप्टेरिन नावाच्या औषधाने ल्युकेमिया झालेली मुलं काही काळ तरी सावरतात. ते औषध ज्या कंपनीत बनलं तिथले संशोधन प्रमुख आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आणि तुमचा मुलगा आठवड्यातून एकदा जी मेथोट्रेक्सेटची गोळी घ्यायचा ती त्याच घराण्यातली. तेव्हा ती मुलं काही महिनेच टिकली. पुढे औषधं जोडत गेली, मुलं खरोखर बरी होऊ लागली, आणि १९७५ मध्ये ज्युलिओ डँजिओ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की नुसतं बरं करणं पुरेसं नाही. मग १९९४ पासून अमेरिका-कॅनडात बऱ्या झालेल्या हजारो मुलांची वर्षानुवर्षं विचारपूस सुरू झाली, तुमच्यासारखेच फॉर्म. २००६ मध्ये त्यातल्या १०,३९७ जणांची माहिती छापून आली. १९७० ते १९८६ दरम्यान आजार झालेली ही मुलं आता सरासरी २६-२७ वर्षांची झाली होती, आणि १०० पैकी ६२ जणांना निदान एक तरी कायमची तक्रार होती, २७-२८ जणांची गंभीर होती. आकडा वाचून घाबरू नका, कारण ती ट्रीटमेंट जुनी होती, आणि हे कळलं म्हणूनच ती बदलली. तेव्हा ल्युकेमियात सरसकट डोक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे, आता बहुतेक मुलांना तो देत नाहीत, पाठीतल्या इंजेक्शनांवर भागवतात. हृदयाला त्रास देणाऱ्या औषधांचे डोस आवरते घेतले. त्याच मोठ्या अभ्यासात पुढे दिसलं की १९७० च्या सुरुवातीच्या मुलांच्या मानाने १९९० च्या दशकातल्या मुलांचे उशिरा होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कोणीतरी आईने आणि पोराने कंटाळत का होईना फॉर्म भरला होता, त्याचा फायदा तुमच्या मुलाला मिळालाय.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. साडेतीन वर्षांची असताना तिच्या किडनीत गाठ झाली, विल्म्स म्हणत होते. एक किडनी काढली, नंतर केमो झाला, मुंबईला. आता एकदम ठणठणीत आहे. घर बांधलं तेव्हा आमच्या आईने तिची फाइल नदीत सोडून दिली, म्हणे ती पीडा नवीन घरात नको. आता शाळेच्या कॅम्पमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या जुने कागद आणा. बरी झालेल्या पोरीचे कागद कशाला लागतात?
— एक संत्रा बागायतदार, काटोल

उत्तर : दादा, आजींच्या मनातलं मी समजू शकते, त्या फाइलीने त्यांना काय काय दिवस दाखवले असतील. पण कागद लागतात, आणि तिला जन्मभर लागतील. तिच्या आजाराचा नाही, तिला दिलेल्या औषधांचा हिशेब ठेवायला. विल्म्समध्ये आजार थोडा पुढे गेलेला असेल तर डॉक्सोरुबिसिन देतात, वॉर्डात सगळे त्याला लाल औषध म्हणतात, दिल्यावर लघवी लाल होते ते. ते हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतं आणि तो परिणाम दहा-पंधरा-वीस वर्षांनीही दिसू शकतो. एकूण किती दिलं त्यावर धोका ठरतो, शरीराच्या दर चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर धोका जास्त धरतात आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, वारंवार करतात. कमी गेलं असेल तर क्वचित. अजिबात गेलं नसेल तर त्यासाठी इकोचा खर्चही नको. आता सांगा, कागद नसेल तर डॉक्टरीणबाई कशावरून ठरवणार?

मुंबईच्या हॉस्पिटलात केस नंबर सांगितला की रेकॉर्ड विभागातून जुनी फाइल निघू शकते. नंबर नसेल तर जुन्या पावत्या, रेल्वे कन्सेशनचा फॉर्म, कोणत्या ट्रस्टने मदत केली असेल तर त्यांच्याकडचा अर्ज, मोबाइलमधले जुने फोटो, कुठेतरी सापडतोच. तिथे "ट्रीटमेंट समरी" मागा, याच शब्दांत मागा. त्यात आजाराचं नाव आणि स्टेज, ऑपरेशनची तारीख, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, शेक दिला असेल तर कुठे आणि किती, एवढं यायला हवं. एक प्रत तिच्याजवळ द्या, १४ वर्षांची आहे, तिचा आजार तिला माहीत असू द्या. कित्येक मुलं कॉलेजात जाईपर्यंत समजून असतात की आपलं लहानपणी पोटाचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं.

एका किडनीसाठी वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कशी चालते ते कळतं) पाहायचं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक अशा पेनकिलर आणायच्या नाहीत, पाळीत पोट दुखलं तरी आधी विचारून. आपल्याकडे मे महिन्यात बागेत जाऊन आल्यावर पाणी कमी पडू देऊ नका. खेळ बंद करू नका मात्र, कबड्डीसारखा धक्काबुक्कीचा खेळ असेल तर डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या, बस.

आणि दरवेळी मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही. टाटा हॉस्पिटलने १९९१ मध्येच ट्रीटमेंट संपलेल्या मुलांची वेगळी ओपीडी काढली, भारतात या कामाची पायवाट तिथूनच पडली. पण समरी हातात असेल तर आपल्या नागपुरातही, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो, मिहानचं एम्स असो, चौकशी करून वर्षाची तपासणी इथे करून घेता येईल का ते दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मी नंदनवनमधल्या एका शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गात एक मुलगा दीड वर्षाने परत आलाय. मेंदूत गाठ होती, ऑपरेशन, शेक, केमो सगळं झालं. आधी हुशार होता. आता फळ्यावरचं उतरवायला दुप्पट वेळ, पाढे अर्ध्यात विसरतो, मागून हाक मारली तर वळत नाही, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात घरी लाड होऊन राहिले म्हणून ढिला पडला. मला तसं वाटत नाही, पण नेमकं काय करू?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुम्हाला तसं वाटत नाही यातच त्या मुलाचं अर्धं काम झालं. तुम्ही जे लिहिलंय त्यातली एकेक गोष्ट ट्रीटमेंटशी जोडता येते.

हाकेचं आधी बघा. अशा गाठींच्या केमोत बरेचदा सिसप्लॅटिन असतं, ते आतल्या कानाच्या पेशींना इजा करतं आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणजे त्याला तुमचा आवाज ऐकू येतो, तुम्ही बोलताय हे कळतं, पण स, श, फ, त ही अक्षरं निसटतात. "सात" म्हटलं की "आठ" होतं त्याच्यासाठी. शांत खोलीत, समोरासमोर तो व्यवस्थित बोलेल, म्हणून घरच्यांच्याही लक्षात येत नाही, आणि वर्गात चार पंखे फुल स्पीडवर, बाहेर पीटीचा तास, तिथे त्याचं सगळं हरवतं. भलतं उत्तर देतो ते यामुळे असू शकतं. आईवडिलांना सांगून कानाची ऑडिओमेट्री करून घ्या, लवकरात लवकर. तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवा, बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवा, फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता सूचना देऊ नका.

दुसरं, संथपणा. डोक्याला शेक मिळालेल्या मुलांवर खूप संशोधन झालंय आणि त्यात सगळ्यात ठळक दिसतं ते हे की विचार करायचा वेग कमी होतो, लक्ष टिकत नाही, डोक्यात दोन-तीन गोष्टी एकदम धरून ठेवणं जड जातं. समज असते, पण ती बाहेर यायला वेळ लागतो. पाढे अर्ध्यात विसरणं म्हणजे तेच. त्यात व्हिन्क्रिस्टिनने बोटांत जोर राहत नाही, पेन नीट धरता येत नाही, हस्ताक्षर बिघडतं. तेव्हा त्याला फळ्यावरचं उतरवायला लावूच नका, छापील नोट्स द्या किंवा शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स. दहा गणितांऐवजी चार द्या पण ती पूर्ण होऊ द्या. परीक्षेत जादा वेळ द्या, तुमच्या शाळेच्या परीक्षेला तर मुख्याध्यापक बाईच परवानगी देऊ शकतात. दहावीच्या बोर्डात दिव्यांग मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण प्रमाणपत्र लागतं आणि त्याला महिने जातात, म्हणून पालकांना आठवी-नववीतच कामाला लावा.

स्टाफरूममध्ये हे सगळं पाच मिनिटं सांगाल का? एका शिक्षकाने समजून घेतलं आणि बाकी पाच तासांना बोलणी खाल्ली तर पोरगं दिवसभर चूक करायच्या भीतीतच बसेल. आणि वर्गातल्या मुलांना सांगताना आधी त्यालाच विचारा, "मी काय सांगू, काय नको सांगू?" काहींना वाटतं सगळं सांगून टाकावं म्हणजे टोपीवरून कोणी चिडवणार नाही, काहींना शब्द सुद्धा नको असतो. उंचीवरही नजर ठेवा, शेकाने वाढीच्या हार्मोनवर आणि थायरॉइडवर परिणाम होतो, सहा महिन्यांत मित्र वाढले आणि हा तिथेच राहिला तर घरी कळवा.

प्रश्न : वय २४, आयटीमध्ये नोकरी, प्रतापनगरला राहते. तेरा वर्षांची असताना हॉजकिन्स लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) झाला होता, केमो आणि छातीला शेक. आता घरी स्थळं बघणं सुरू आहे. आई म्हणते सांगायचंच नाही, मावशी म्हणते सांगितलं तर कोण करेल. मला हे लपवून संसार सुरू करायचा नाही. पण मला मुलं होतील का, त्यांना कॅन्सर होईल का, हेच मला कोणी नीट सांगितलं नाहीये. ओपीडीत नेहमी आईच बोलते.

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं, आणि ते तुझ्या एकटीचं नाही. पुढच्या वेळी आत एकटी जा. आईला प्रेमाने सांग की बाहेर बस, मी दहा मिनिटांत येते.

लग्नाच्या आधी एक गोष्ट, कारण ती वयाशी बांधलेली आहे. लहानपणी छातीला शेक मिळालेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो आणि तो कमी वयात येऊ शकतो. म्हणून मार्गदर्शक सूचना अशा आहेत की वयाच्या २५ व्या वर्षापासून, किंवा शेक संपल्यावर ८ वर्षांनी, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय करायची. तुझ्या बाबतीत ते २५ आहे, म्हणजे पुढचं वर्ष. चाळिशीनंतर बघू असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस, त्यांना तुझा इतिहास माहीत नाही. थायरॉइड दरवर्षी, आणि हृदयाची इको, कारण छातीचा शेक आणि लाल औषध दोन्ही तुझ्या वाट्याला आलेलं असण्याची शक्यता आहे.

आता मुलांचं. ते तुला कोणती औषधं किती मिळाली त्यावर आहे. प्रोकार्बाझिन आणि सायक्लोफॉस्फामाइड अशी औषधं जास्त प्रमाणात मिळाली असतील तर अंडाशयातला स्त्रीबीजांचा साठा कमी होतो. पाळी नियमित असेल तर ती चांगली खूण, पण पाळी लवकर बंद होण्याची शक्यता उरते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन एएमएच ही रक्ततपासणी कर आणि त्यांच्याशी मोकळं बोल. साठा कमी निघाला तर स्त्रीबीज गोठवून ठेवायचा पर्याय असतो. आणि बाळाला कॅन्सर? बऱ्या झालेल्या लोकांच्या मुलांवर मोठे अभ्यास झालेत. जन्मतः व्यंग असण्याचं प्रमाण त्यांच्यात वाढलेलं दिसलं नाही, आणि घराण्यातून येणारे मोजके कॅन्सर सोडले, जसा डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा, तर मुलांना कॅन्सर होण्याचा धोकाही वाढलेला दिसत नाही. हॉजकिन्स त्या मोजक्यांत धरत नाहीत. गरोदरपणात मात्र हृदयावर ताण येतो, तेव्हा त्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं.

सांगायचं की नाही, यात माझं मत स्पष्ट आहे: सांग, आणि सुपारी फुटायच्या आधी सांग. बायोडेटावर छापायची गरज नाही, मध्यस्थ मावशीच्या तोंडून तर नाहीच, एका वाक्याची सतरा वाक्यं होतील. दोन भेटी झाल्यावर, माणूस बरा वाटला की त्याला एकट्याला, तुझ्या तोंडून. ट्रीटमेंट समरी आणि डॉक्टरांचं एक पत्र जवळ ठेव, "अकरा वर्षांपूर्वी आजार झाला होता, ट्रीटमेंट पूर्ण झाली, आज ही ही स्थिती आहे" एवढंच. हे ऐकून काही स्थळं परत जातील. लागेल मनाला. पण दरवर्षी एमआरआयला जाताना नवऱ्याला काय सांगू, अशी लपवाछपवी तुला वीस वर्षं झेपणार नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीचा "उगम" नावाचा गट आहे, लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या तरुणांचा, त्यात लग्न झालेल्या, आई झालेल्या मुली आहेत. आईची भेट त्यांच्याशी घालून दे, माझ्या बोलण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.

हेल्थ इन्शुरन्सचंही यात आलंच. फॉर्मवर खरंच लिही. आजार लपवला तर क्लेमच्या वेळी तेच अंगलट येतं. २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजारासाठी वेटिंग पीरियड जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे, त्यामुळे पॉलिसी जितकी लवकर तितकं बरं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. लहान भावाची ट्रीटमेंट चालू होती तेव्हा आईबाबा दोन वर्षं मुंबईला, मी आजीजवळ सक्करदऱ्याला. माझी दहावीपण तशीच गेली. आता सगळं ठीक आहे पण त्याला काहीही मिळते अन् मला कोणी विचारत नाही, मग मला त्याचा राग येतो, मग रात्री वाटते मी किती वाईट आहे.

उत्तर : बेटा, तू वाईट नाहीस. कॅन्सर झालेल्या मुलांच्या बहीणभावांना असाच राग येतो, मग अशीच लाज वाटते, हे कितीतरी अभ्यासांत लिहिलेलं आहे, आणि तरीही हॉस्पिटलात त्यांच्यासाठी फॉर्म क्वचितच असतो. आईला हे पत्र दाखव, तोंडाने सांगणं जड जात असेल तर छापलेलं दाखव. तिला म्हण की महिन्यातला एक रविवार फक्त माझा, भाऊ बाबांजवळ राहील. झोप उडाली असेल, अभ्यासात मन लागत नसेल तर १४४१६ वर फोन कर, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि ताई, म्हणजे या मुलीची आई, तुम्ही हे वाचत असाल तर तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी जे राहून गेलं ते आता करा, हॉटेलात न्या, ड्रेस घ्या, तिला हवं ते.

प्रश्न : माझ्या लहान भावाला पाच वर्षांचा असताना ल्युकेमिया झाला होता. आता १९ चा आहे अन् कॉलेजच्या टपरीवर खर्रा खाऊन राहिला. मी खिशात पुडी पकडली. बाबांना सांगू का? इतकं सगळं करून वाचवला, जीव जळते.
— मोठा भाऊ, महाल

उत्तर : दादा, जीव जळणारच. सुपारी, तंबाखू, चुना, तोंडाच्या कॅन्सरचं सगळं साहित्य त्या एका पुडीत आहे, आणि ज्याला लहानपणी केमो झालाय त्याला पुढे दुसरा कॅन्सर व्हायचा धोका तसाही इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. त्याच्यासाठी खर्रा हा मित्रांपेक्षा जास्त महाग सौदा आहे.

पण "तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं" हे वाक्य टाळा. ही मुलं ते ओझं आधीच घेऊन फिरतात, कित्येक जण टपरीवर उभे राहतात ते इतर पोरांसारखं दिसायला मिळावं म्हणूनच. आधी त्याच्याशी तुम्ही बोला, बाबांना नंतर. कधी खातो, कोणासोबत, सोडायचा प्रयत्न केला का, एवढं विचारा आणि मग ऐका. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ हा फुकट फोन आहे. डेंटिस्टकडे न्या, लहान वयात केमो झालेल्यांचे दात तसेही नाजूक असतात, मुळं आखूड राहतात, तिथे तोंड उघडून बघताना खर्ऱ्याचा विषय डॉक्टर स्वतःच काढतील. आणि वर्षाच्या चेकअपला तो जाणं बंद झालाय का ते बघा, या वयात बहुतेकांचं सुटतं. सुटलं असेल तर अपॉइंटमेंट त्यालाच घ्यायला लावा, सोबत जा, पण आत त्याला एकट्याला जाऊ द्या.